मॅक पत्ता : भांड्यावर घातलेलं नाव

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार एकाच गोष्टीभोवती फिरतात. म्हणून प्रिंटर, विसरलेले पासवर्ड आणि कऱ्हाडच्या एका गृहस्थांचा तापणारा लॅपटॉप पुढच्या अंकात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात एकटी राहते. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि राऊटर गेला. नवा आणून जोडला. दिवे सगळे लागले, पण नेट नाही. केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मॅक अ‍ॅड्रेस सांगा." माझ्याकडे मॅक नाही, साधा विंडोजचा लॅपटॉप आहे म्हटलं तर हसला. भाच्याने फोनवरून काहीतरी टाइप करायला लावलं, तर पडद्यावर पाच पत्ते आले. पहिला सांगितला, नेट आलं नाही. दुसरा सांगितला, तरी नाही. आता पुन्हा फोन करायची लाज वाटते. पाचांतला कोणता सांगू?

उत्तर : बाई, पाचही सांगितले असते तरी नेट आलं नसतं. त्याला हवा असलेला पत्ता लॅपटॉपमध्ये नाहीच. नवा राऊटर उलटा करा. बुडाला पांढरं लेबल असेल, त्यावर 'मॅक' असं लिहून पुढे बारा अक्षरं-आकडे असतील. ते कागदावर उतरवून घ्या आणि मग पुढचं वाचा.

मिरजेत माझ्या दुरुस्तीच्या दुकानाला लागून भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत तिथलं नाव घालायचं यंत्र दिवसभर कर्रर्र करत असतं, आणि गिऱ्हाइकांना मॅक समजावताना मी हात त्या दिशेलाच करते. मामाकडून आलेल्या ताटावर एकदा नाव घातलं की ताट सासरी जावो नाहीतर शेजारी चटणी घेऊन जावो, नाव तेच. ते वरच्या फळीवर ठेवलं काय, खालच्या ठेवलं काय, नावाला फरक पडत नाही. फळी म्हणजे आयपी पत्ता. राऊटर आज ही देईल, उद्या दुसरी. घातलेलं नाव म्हणजे मॅक पत्ता, कारखान्यातच भागावर पडलेला. मॅक म्हणजे मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल. अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचं काही नातं नाही, त्यामुळे तुमचा घोळ अगदी रास्त होता. केबलवाल्याने हसायचं कारण नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. नाव भांड्यावर असतं, घरावर नसतं. तसा हा पत्ता नेटवर्कला जोडणाऱ्या एकेका भागाचा असतो. अख्ख्या संगणकाचा नव्हे, आणि तुमचा तर नव्हेच. म्हणून तुम्हाला पाच दिसले. भाच्याने काय टाइप करायला लावलं ते मी न बघता सांगते : काळ्या खिडकीत इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल'. त्यात जिथे जिथे 'फिजिकल अ‍ॅड्रेस' लिहिलंय ते सगळे मॅक पत्ते. विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर बहुधा असे निघतात : सगळ्यात वर इथरनेट, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेचा. तुम्ही वायर लावत नाही, म्हणून त्याच्यावर 'मीडिया डिस्कनेक्टेड' असं असेल. मग 'लोकल एरिया कनेक्शन' नावाचे दोन, पुढे तारा आणि आकडा. हे दोन्ही खोटे. म्हणजे वाईट अर्थाने नव्हे, विंडोजने आपल्या सोयीसाठी उभे केलेले आभासी अडॅप्टर आहेत. त्यांचा पत्ता बहुतेक वेळा वाय-फायच्याच पत्त्यात थोडा बदल करून बनवलेला असतो, त्यामुळे नीट न बघणारा हमखास फसतो. चौथा खरा वाय-फायचा. पाचवा ब्लूटूथचा. एवढं सगळं बघायचं नसेल तर 'गेटमॅक', जागा, तिरकी रेघ, 'व्ही' असं टाइप करा. नावासकट आटोपशीर तक्ता येतो. आणि काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वाय-फाय, तिथे हार्डवेअर प्रॉपर्टीज. शेवटच्या ओळींमध्ये असतो.

पण यांतला एकही केबलवाल्याच्या कामाचा नाही. त्याच्या वायरीला जे भांडं थेट टेकलंय त्याचंच नाव त्याला दिसतं, आणि तुमच्या घरात ते भांडं म्हणजे राऊटर. लॅपटॉपचा मॅक पत्ता राऊटरपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. गावातल्या छोट्या नेटवाल्यांपैकी पुष्कळजण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे एकच मॅक पत्ता नोंदवून ठेवतात, म्हणजे एका जोडणीवर कुणी परस्पर दुसरं बिऱ्हाड चालवू नये. त्याच्या वहीत तुमच्या जुन्या, जळालेल्या राऊटरचं नाव आहे. नवा राऊटर दारात उभा राहिला, नाव जुळेना, दार उघडेना. एवढंच.

लेबलवरचा पत्ता देऊनही नेट आलं नाही तर आणखी एक खोच आहे. एका राऊटरलाही अनेक पत्ते असतात. घराच्या बाजूचा एक, वाय-फायचे एक-दोन आणि बाहेरच्या वायरीचा, ज्याला वॅन म्हणतात, तो वेगळा. हे बहुधा लागोपाठचे असतात आणि लेबलवर त्यांतला एकच छापतात. लेबलवर शेवटी ५९ असेल तर वॅनचा शेवट ५ए असू शकतो. इथे मोजणी सोळाची आहे : नऊनंतर दहा येत नाही, ए येतो, मग बी, सी, डी, ई, एफ. ५९ नंतर ६० नव्हे, ५ए. अंदाज करत बसण्यापेक्षा ब्राउझरमध्ये राऊटरचं पान उघडा. 'आयपीकॉन्फिग'मध्ये 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा असेल, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, तो वरच्या पट्टीत टाका. नेट बंद असलं तरी हे पान उघडतं, कारण ते तुमच्या घरातलंच आहे. तिथे 'स्टेटस'मध्ये वॅनचा पत्ता मिळेल.

फोनवर पत्ता सांगताना तीन गोष्टी. एक, यात इंग्रजी ओ कधीच नसतो. गोल दिसलं की शून्यच. दोन, लेबलवर आठ आणि बी सारखे दिसतात, भिंग घ्या. तीन, बी, डी, ई हे फोनवर एकसारखेच ऐकू येतात. मी "बी बटाट्याचा, डी डमरूचा, ई ईडलिंबाचा" असं सांगते. लोक हसतात, पण चुकत नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे लेबलचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं.

आणि पुन्हा फोन करायची लाजच वाटत असेल, आणि मेलेला राऊटर भंगारात दिला नसेल, तर फोन न करताही काम होईल. नव्या राऊटरच्या पानावर वॅनच्या सेटिंगमध्ये बहुधा 'मॅक क्लोन' असा पर्याय असतो. तिथे जुन्या राऊटरचा पत्ता भरा. नव्या ताटावर जुन्या ताटाच्या नावाची चिठ्ठी चिकटवल्यासारखं. वही न बदलता दार उघडतं.

प्रश्न : मी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहतो. वाय-फायसाठी फॉर्ममध्ये लॅपटॉपचा आणि फोनचा मॅक अ‍ॅड्रेस लिहून घेतला. फोनचा मी 'अबाउट फोन'मधून बघून लिहिला. लॅपटॉपवर नेट चालतं, फोनवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. ऑफिसात म्हणतात तूच चुकीचा लिहिलास. मी चार वेळा तपासला, बरोबर आहे. रूममेटचा मॅक माझ्या फोनला लावता येईल का?

उत्तर : माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून 'तू' म्हणते. तू लिहिलेला बरोबर आहे आणि ऑफिसचंही बरोबर आहे. तुझा फोन हॉस्टेलला खोटं नाव सांगतोय.

पूर्वी फोन खिशात असताना ओळखीचं वाय-फाय शोधत सारखा आपलं खरं नाव पुकारत फिरायचा. मॉलमध्ये कोण किती वेळा आलं, कोणत्या दुकानापुढे रेंगाळलं, हे त्यावरून टिपता यायचं. म्हणून २०१४ मध्ये आयफोनच्या आयओएस ८ ने शोधताना मनचं नाव सांगायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन जोडल्यानंतरही प्रत्येक वाय-फायला वेगळं, बनवलेलं नाव सांगतो, आणि हे न विचारता चालू असतं. तू फॉर्मवर फोनचं खरं नाव लिहिलंस, फोन हॉस्टेलला दुसरंच सांगतोय.

ओळखायची खूण सांगते. पत्त्यातलं दुसरं अक्षर बघ. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, कुणीतरी नंतर लावलेला आहे. पहिल्या दोन अक्षरांमध्ये मिळून आठ बिट असतात, म्हणजे प्रत्येकी शून्य किंवा एक अशा आठ खुणा. त्यांतला शेवटून दुसरा बिट 'हे नाव घरगुती आहे' एवढंच सांगायला राखून ठेवलाय. तो एक झाला की एकेका यंत्राच्या पत्त्यात दुसऱ्या जागी ही चारच अक्षरं येऊ शकतात.

उपाय : फोनमध्ये हॉस्टेलच्या वाय-फायच्या नावाशेजारचं चाक दाब. तिथे 'प्रायव्हसी' किंवा 'मॅक अ‍ॅड्रेस टाइप' असं काहीतरी असेल. 'रँडमाइज्ड' काढून 'फोन मॅक' किंवा 'डिव्हाइस मॅक' कर. आयफोनवाल्या मित्राला 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' बंद करायला सांग. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' आहे, तुझ्या लॅपटॉपवर ते बंद असावं म्हणूनच तो चालतोय. हे फक्त हॉस्टेलच्या वाय-फायपुरतं कर. बसस्टँड, मॉल, चहाचं दुकान, तिकडे खोटं नावच बरं.

रूममेटचा पत्ता लावायचा विचार सोड. का, ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी ठाण्यात डिप्लोमाला आहे. मॅक अ‍ॅड्रेस जगात एकमेव असतो असं शिकवलं. मग तो वाटतं कोण, आणि संपणार नाही का? दोघांचा सारखा कधी निघतच नाही?

उत्तर : निघतो. मी स्वतः दोन दिवस त्यापायी घालवलेत.

आधी वाटप. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट, म्हणजे वायरीने संगणक एकमेकांना जोडायची पद्धत, जन्मलं. तेव्हा पत्ता फक्त आठ बिटांचा होता, म्हणजे जास्तीत जास्त २५६ नावं, आणि ती यंत्रागणिक माणसाने ठरवून द्यायची. एका इमारतीत चाललं. पुढे डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १९८० मध्ये इथरनेटचा प्रमाण नमुना काढला, त्यात पत्ता एकदम ४८ बिटांचा झाला. ही उडी का मारली, हे १९८१ च्या एका निबंधात मांडलंय. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक योगेन दलाल, आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांचा, पहिला तपशीलवार मसुदा लिहिणारेही हेच. ठाण्याहून पवई किती लांब? पण हे नाव वर्गात कुणी घेत नाही, आमच्याही वर्गात घेतलं नव्हतं. त्यांचं आणि रॉबर्ट प्रिंटिस यांचं म्हणणं असं की यंत्राला कायमचा, नेटवर्कशी न बांधलेला क्रमांक असावा. यंत्र या इमारतीतून त्या इमारतीत नेलं तरी बदलायला नको आणि जोडताना कुणाला विचारायलाही नको. आज तू लॅपटॉप कुठेही नेऊन जोडतोस आणि नावाचा विचारही करत नाहीस, तो त्याचाच परिणाम.

नावं आधी झेरॉक्स वाटत असे, नंतर ते काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेलं. पहिली सहा अक्षरं कंपनीची, ती आयईईई देते. उरलेली सहा कंपनी आपल्या मालावर ओळीने घालत जाते. सगळी शून्यं असलेला पहिला गठ्ठा झेरॉक्सकडेच आहे. बी८-२७-ईबी ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाचा, ०८-००-२७ ने सुरू होणारा व्हर्च्युअलबॉक्समधला, म्हणजे संगणकाच्या पोटातला खोटा संगणक. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ नावं होतात. ज्यांना एवढी नकोत त्यांना आयईईई लहान गठ्ठेही देते, अगदी ४,०९६ नावांचे. एकूण हिशेब ४८ बिटांचा, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. त्यातले दोन बिट खुणांसाठी राखीव (एक मघाचा 'घरगुती'वाला), म्हणजे कारखान्यात घालायला सुमारे ७० लाख कोटी. तुझ्या हयातीत संपायची काळजी नको.

आता माझे दोन दिवस. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका टायपिंग क्लासने बारा संगणकांची लॅब करायला दिली. मी घाऊक बाजारातून सगळ्यात स्वस्त लॅन कार्डं उचलली. पाकिटावर कंपनीचं नाव होतं, पण ते वाचून ओळख पटावी असं नव्हतं. लॅब उभी राहिली, आणि सहा नंबरच्या संगणकावर नेट चालू झालं की नऊ नंबरचं बंद. नऊवर पान उघडलं की सहा नंबरची मुलगी ओरडायची, "मॅडम, गेलं!" मी वायरी बदलल्या, टोकं पुन्हा क्रिम्प केली, स्विच, म्हणजे सगळ्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी, बदलला. क्लासचे सर मागे हात बांधून उभे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरून प्रत्येक संगणकावर 'आयपीकॉन्फिग' मारलं आणि बारा पत्ते गल्ल्याच्या डायरीत एकाखाली एक लिहिले. सहावी आणि नववी ओळ अक्षरन् अक्षर सारखी. मी आधी मलाच रागावले, वाटलं एकच ओळ दोनदा उतरवली. पुन्हा जाऊन पाहिलं. सारखीच.

होतं काय, तर स्विच आपल्यापाशी एक टिपण ठेवतो : अमुक नावाचं यंत्र तमुक खाचेत. सहाने तोंड उघडलं की तो लिहितो, हे नाव सहाच्या खाचेत. नऊने तोंड उघडलं की ते खोडून नऊ लिहितो. आलेलं उत्तर ज्याचं नाव शेवटी लिहिलं गेलं त्याच्याकडे जातं, दुसरा उपाशी. नाव जगात एकमेव असावं असा नियम आहे, पण तो पाळणं शेवटी कारखान्यातल्या माणसाच्या हाती. आणि खरं सांगायचं तर सारखं नाव मुंबईत एक आणि मिरजेत एक असेल तर काही बिघडत नाही, कारण हे नाव राऊटरच्या पुढे जातच नाही. बिघडतं ते एकाच स्विचवर, एकाच वाय-फायवर आल्यावर. हॉस्टेलच्या मुलाने रूममेटचं नाव का लावू नये, ते यात आलं. दोघंही आळीपाळीने उपाशी राहतील.

कार्ड मी बदललं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' अशी ओळ असते, तिथे नऊ नंबरला वेगळं नाव भरलं, लॅब चालू झाली. चार महिन्यांनी कुणीतरी तिथे विंडोज नव्याने घातलं, माझी चिठ्ठी गळून पडली आणि फोन आला, "मॅडम, पुन्हा गेलं." मग मात्र स्वखर्चाने कार्ड बदललं.

प्रश्न : शेजारचं कुणीतरी आमचं वाय-फाय वापरतंय. राऊटरमध्ये मॅक फिल्टर लावून फक्त घरच्यांना परवानगी द्यावी का? आणि आमचे मॅक अ‍ॅड्रेस त्याला कळले तर धोका आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : फिल्टर लावू नका. वाय-फायवर जाणाऱ्या मजकुराला कुलूप असतं, पण पाकिटावरचं नाव उघडंच असतं. ज्याला थोडंफार कळतं तो हवेतून तुमच्या घरातलं एक नाव टिपतो आणि स्वतःला लावतो. फिल्टरचा त्रास होतो तो गणपतीला आलेल्या पाहुण्यांना, आणि मग प्रत्येकाच्या फोनचं नाव भरत तुम्ही राऊटरपाशी बसता. पासवर्ड बदला, लांबलचक ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर आहे ना ते बघा, आणि राऊटरच्या पानाचा 'अ‍ॅडमिन' पासवर्डही बदला. तो बहुतेकांनी कधीच बदललेला नसतो. शेजारी कोण, हे बघायची उत्सुकता असेल तर राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. पण हल्ली फोन खोटी नावं सांगतात, तेव्हा यादी हातात घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका.

नुसता मॅक पत्ता कळल्याने परगावचा कुणी तुमच्या संगणकात शिरू शकत नाही. तरी लेबलाचा फोटो उगाच ग्रुपवर टाकू नका, कारण त्याच लेबलवर बहुतेक वेळा वाय-फायचा मूळ पासवर्डही छापलेला असतो.

ता. क. साताऱ्याच्या बाईंना अंक यायची वाट बघायला लावू नये म्हणून हे उत्तर आधीच कळवलं होतं. जुना राऊटर भंगारवाल्याकडे गेला होता, त्यामुळे फोन करावाच लागला. लेबलवर शेवट ५९, वॅनचा ५ए. केबलवाल्याने ६० भरलं. बाई गणिताच्या. त्याला फोनवरच थांबवून सोळाची मोजणी समजावली म्हणे, आणि नेट आलं.